तबकडीवरच्या नावावरून पेढीचा माग कसा काढावा?

लंबक: ब्रिटनमधल्या एका घड्याळजी-सराफ कुटुंबाच्या पेढीचा इतिहास जुळवतोय. हाताशी दोन वस्तू आहेत. एक चांदीचं खिशातलं घड्याळ: तबकडीवर पेढीचं नाव, झाकणाच्या आत नांगर, चालता सिंह, एक अक्षर आणि कुणाची तरी आद्याक्षरं. दुसरी अंगठी: '१५ .६२५' असा ठसा, डबीच्या रेशमी अस्तरावर पेढीचा पत्ता. जाहिरातींत स्थापनेचं साल छापलंय, पण त्या काळच्या व्यापारी डिरेक्टरीत (दुकानदारांची नावं-पत्ते छापणाऱ्या पुस्तकात) हे नावच नाही. सुरुवात कुठून करू?

कसोटी: ठशांपासून. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, सिंह म्हणजे ९२५ ची चांदी (हजारात ९२५ भाग शुद्ध). अक्षर वर्ष सांगतं, पण १९७५ पूर्वी ते वर्षाच्या मधेच बदलायचं, म्हणून नोंद दोन सालांची करा. अक्षरांची माळ संपली की पुन्हा 'ए'पासून सुरू होते. त्यामुळे अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार, दोन्ही वर्षाक्षरांच्या तक्त्याशी जुळले पाहिजेत. इथे हमखास वीस-पंचवीस वर्षांची चूक होते.

राजाचं किंवा राणीचं मस्तक दिसत नाही म्हणून घड्याळ १८९० नंतरचं ठरवू नका. तो १८९० पर्यंत मारला जाणारा, कर भरल्याचा ठसा होता आणि घड्याळांच्या केसना (बाहेरच्या धातूच्या कवचांना) १७९८ मध्येच तो कर माफ झाला.

आद्याक्षरं बहुधा केस बनवणाऱ्याची असतात, दुकानाची नव्हे. तरी तपासा. पेढीने स्वतःचा ठसा नोंदवला असेल, तर धातूची शुद्धता तपासून ठसे मारणाऱ्या तपासणी कार्यालयाच्या नोंदवहीत नाव, पत्ता आणि तारीख मिळते.

अंगठी सोपी आहे. ठशातलं १५ म्हणजे १५ कॅरट सोनं, .६२५ म्हणजे हजारात ६२५ भाग शुद्ध. १५ कॅरट १८५४ मध्ये आलं, १९३२ मध्ये बंद झालं. डबी मात्र तिचीच आहे का ते बघा. खाचेत अंगठी नीट बसत नसेल तर डबीचा पत्ता अंगठीचा पुरावा धरू नका.

टिकटिक: आधी एक विनंती: काहीही पॉलिश करू नका. झाकणाच्या आत दुरुस्ती करणाऱ्यांनी टोकदार सुईने बारीक खुणा केलेल्या असतात, काम क्रमांक, महिना-साल, कधी आद्याक्षरं. पेढीची दुरुस्तीची वही कुठल्या अभिलेखागारात टिकली असेल, तर हाच क्रमांक तिच्याशी जुळवता येतो. एकदा घासलं की पुरावा कायमचा गेला. दहापट भिंग घ्या, दिवा अगदी आडवा धरा आणि कोन बदलत चार-पाच फोटो काढा. झाकण उघडताना बिजागरीच्या बाजूने पातं घालू नका. समोरच्या ओठाची खाच शोधा.

मग मूव्हमेंटवरचा (आतल्या यंत्रावरचा) आणि केसवरचा क्रमांक ताडून बघा. इंग्लिश घड्याळांत ते बऱ्याचदा एकच असतात. वेगळे असतील आणि केसच्या कडेवर स्क्रूंच्या जादा खुणा असतील, तर केस बदललेली आहे. मग ठशाचं साल फक्त केसचं, घड्याळाचं नाही. आणि तबकडीवरचं नाव विकणाऱ्याचं असतं. घड्याळ त्याने बनवलंच असं नाही.

दुहेरी केसचं (एका केसमध्ये दुसरी केस असलेलं) घड्याळ असेल तर दोन्ही केसच्या मधला गोल कागद जपून काढा. त्यावर दुकानाचं नाव-पत्ता छापलेला असतो आणि मागे कधी कधी दुरुस्तीची तारीख शाईने लिहिलेली सापडते.

दप्तर: स्थापनेच्या सालाबद्दल. जुनं दुकान ग्राहकांसकट विकत घेतलं की आधीच्या मालकाचं साल स्वतःचं म्हणून छापायची पद्धत होती. त्यामुळे नाव नाही, पत्ता धरून मागे जा. डिरेक्टरीत त्या पत्त्यावर आधी कोण होतं ते बघा. घरक्रमांक बदललेले असू शकतात, म्हणून दोन्ही बाजूंचे शेजारी दुकानदारही उतरवून घ्या. शेजारी तेच आणि क्रमांक वेगळा, तर जागा तीच. डिरेक्टरीतली माहिती छपाईच्या आधी गोळा केलेली असते, तेवढी सूट ठेवा.

भागीदारी मोडल्याच्या आणि दिवाळखोरीच्या सूचना 'लंडन गॅझेट' या सरकारी राजपत्रात येत. नावामागे 'आणि मुलगा' कधी लागलं, कधी गळलं, हे जनगणनेतल्या वयांशी आणि मृत्युपत्रांशी ताडा. बाप-लेकाचं नाव एकच असेल तर वय आणि पत्ता पाहिल्याशिवाय कुठलीही नोंद कुणाच्या खात्यावर टाकू नका.

लंबक: क्रमांक पाहिले, मूव्हमेंट आणि केसवर एकच आहे. आत तीन खुणा आहेत, दोन एकाच हाताच्या. आता पत्ता धरून डिरेक्टऱ्या मागे चाळतो.