फायरफॉक्सवर जरूर या, पण एक्स्टेन्शन मोजकीच टाका

क्रोम ब्राउझरमधलं युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) बंद पडल्यावर फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरवर जावं का, असं एकाने विचारलंय. माझं मत: जरूर जावं. मॅनिफेस्ट व्ही३ ही एक्स्टेन्शनसाठीची नवी नियमावली आल्यापासून क्रोममध्ये जाहिरात अडवणाऱ्या एक्स्टेन्शनला आधी लिहून दिलेल्या नियमांवरच भागवावं लागतं, म्हणून तिथे युब्लॉकची कमी ताकदीची ‘लाइट’ आवृत्ती उरली. पानावर काय उघडू द्यायचं हे एक्स्टेन्शनला त्या क्षणी ठरवू देणारी जुनी सोय फायरफॉक्सने राखली आहे, त्यामुळे पूर्ण युब्लॉक चालतं. बुकमार्क, पासवर्ड इम्पोर्ट होतात, त्याची काळजी नको.

युब्लॉकच्या खिडकीत ड्रॉपरचं चित्र आहे, ते वापरून बघाच. आई रोज वाचते त्या बातम्यांच्या साइटवर कोपऱ्यात एक व्हिडिओ चिकटून बसायचा. बारीकशी फुली शोधताना तिचं बोट हमखास जाहिरातीवर पडायचं. मी ड्रॉपरने तो चौकोन निवडला, नियम तयार केला, आणि तो गेला तो गेलाच! आता ती बातमी शेवटपर्यंत वाचते.

दुसरं एक्स्टेन्शन, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचंच मल्टी-अकाउंट कंटेनर्स. ते वेगवेगळी खाती वेगळ्या रंगाच्या टॅबमध्ये ठेवतं. ऑफिसचं जीमेल निळ्या टॅबमध्ये, घरचं हिरव्या. दोन्हींच्या कुकी (साइटने लॉगिन लक्षात ठेवायला साठवलेली माहिती) वेगळ्या, त्यामुळे सारखं लॉगआउट करणं नाही.

एवढ्यावर थांबा मात्र. बरीच एक्स्टेन्शन सगळ्या साइटवरचा डेटा वाचायची परवानगी मागतात, आणि त्यात तुमची बँकही आली. अनोळखी माणसाला घराची किल्ली देताना जितका विचार कराल तितका इथेही करा.

मोबाइलवर वाचत असाल तर अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्येही युब्लॉक चालतं.