एक मीटरचा टेप आणि पबची हवा

टेम्सकाठी | २८ जून २०२०

कोरोनामुळे बंद असलेल्या इंग्लंडातल्या पबांबद्दल 'पिंटभर' यांनी काल लिहिलं: "४ जुलैला पब उघडतायत. टेबलं एक मीटरवर सरकवा, दारात सॅनिटायझर ठेवा, ऑर्डर मोबाइलवर घ्या. इतकं सोपं आहे, उगाच बाऊ कशाला?" हे वाचून गप्प बसवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

२३ जूनला जाहीर झालेला नियम 'एक मीटर प्लस' असा आहे. मीटर सगळ्यांनी लक्षात ठेवला आणि 'प्लस' सोडून दिला. दोन मीटर जमतच नसतील तर एक, आणि तोही भरपाईचे उपाय करून: समोरासमोर बसवायचं नाही, आत फक्त टेबलावर सेवा, खेळती हवा, गाणी हळू.

जानेवारीत चीनमधल्या ग्वांगझूच्या एका रेस्टॉरंटात शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले मिळून दहा जण कोरोनाने आजारी पडले. टेबलांत अंतर होतं साधारण एक मीटर. म्हणजे तुमचा टेप तिथे पास झाला असता. खोलीला खिडकी नव्हती आणि एसी त्या तीन टेबलांवरून तीच हवा फिरवत होता. त्या मजल्यावरचे बाकीचे ७३ गिऱ्हाईक आणि वेटर वाचले.

आता आपला पब घ्या. ८ बाय १० मीटरची खोली, छत २.७ मीटरवर, म्हणजे २१६ घनमीटर हवा. चाळीस माणसं बसवली आणि माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा धरली तर तासाला १४४० घनमीटर लागते. खोलीतली सगळी हवा तासाला साडेसहा वेळा बदलायला हवी. दारं-खिडक्या लावलेल्या जुन्या विटांच्या पबात याच्या जवळपासही कुणी पोचत नाही. भिंतीवरचा स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून परत देतो, त्याला ताजी हवा म्हणू नका.

पिंटभर | २८ जून

तुमचं गणित बरोबर असेल, पण ते कुणाच्या खिशातून करायचं? पब २० मार्चपासून बंद आहेत. ज्यांच्या जागेचं करमूल्य (कर ठरवायला धरलेलं वर्षाचं भाडं) १५ हजार पौंडांपर्यंत त्यांना १० हजारांचं अनुदान मिळालं, ५१ हजारांपर्यंत २५ हजारांचं. ५१ हजारांच्या वर एक पौंड जास्त असला तरी त्या अनुदानात भोपळा. शहरातले बहुतेक मोठे पब तिथेच अडकले. त्यात 'टाय'वाले भाडेकरू. जागा कंपनीची, भाडं कंपनीला, आणि बिअरही त्याच कंपनीकडून तिच्या दराने घ्यायची. अशा भाडेकरूंच्या संरक्षणासाठी २०१६ची पब संहिता आहे, पण ती टायचे पाचशे किंवा जास्त पब असलेल्या कंपन्यांनाच लागू. अशा माणसाला तुम्ही छतातून डक्ट टाकायला सांगताय?

अंतराचं गणितही ऐका. त्याच ८० चौरस मीटरमधून बार, जिना, स्वच्छतागृहाची वाट वजा केली की बसायला ५० उरतात. दोन मीटरचा नियम ठेवला असता तर बारा-चौदा डोकी. त्यात वीजबिलसुद्धा निघत नाही. एक मीटर ही सवलत नाही हो, पब जगायची किमान अट आहे.

टेम्सकाठी | २८ जून

डक्ट कुणी मागितली? खिडक्या उघडा म्हणतोय. आणि आवाज कमी ठेवा. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिटच्या गायनवृंदात १० मार्चच्या सरावाला ६१ जण होते, ५३ आजारी पडले, दोघे गेले. प्रीमियर लीग १७ जूनपासून पुन्हा सुरू झाली आहे. मोठ्या पडद्यावर सामना लावला की टेबल कितीही दूर असो, चाळीस जण एकदम ओरडणार.

तळघर | २९ जून

दोघेही वरच्या मजल्यावर भांडताय. पबचं खरं दुखणं खाली तळघरात आहे. डोकी निम्मी झाली की बिअर नासते, आणि बिअर नासायला लागली की मालक नियम वाकवतो. हे समजून घ्या.

एका फर्किनमध्ये, म्हणजे लहान पिंपात, ९ गॅलन, म्हणजे ७२ पिंट. कास्क बिअर, म्हणजे पिंपातच मुरणारी, जिवंत असते. पिंप आडवं टेकवून गाळ बसायला एक-दोन दिवस द्यायचे, मऊ खुंटी मारून वायू सोडायचा, मग कठीण खुंटीने दाबायचं. नळ ठोकला की आत हवा शिरते आणि तीन दिवसांत पिंप संपलंच पाहिजे, नाहीतर आंबट. म्हणजे दिवसाला २४ पिंट, प्रत्येक हँडपंपावर (बारवरचा हाताने ओढायचा नळ). पाच हँडपंप ठेवलेत तर १२० पिंट फक्त कास्कचे. निम्म्या डोक्यांत कोण पिणार? मग तिसऱ्या दिवशी मालक म्हणतो, "या, एक खुर्ची टाकतो." अंतर तिथे मोडतं.

उपाय: उघडताना दोनच हँडपंप. जमलं तर पिन, म्हणजे ३६ पिंटांचं अर्धं पिंप, मागवा. पण तारीख कळली २३ जूनला आणि उघडायचं ४ जुलैला. अकरा दिवस. कास्क बनून, मुरून पबात पोचायला दोन-तीन आठवडे लागतात. सरकारात कुणी ब्रूअरला विचारलं होतं का, हा माझा राग आहे.

आणि नळ्या. ९.५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत मीटरमागे ७१ मिलिलिटर बिअर असते. तळघर ते बार २० मीटर, म्हणजे १.४ लिटर, अडीच पिंट. दर आठवड्याला नळ्या धुताना एवढी बिअर प्रत्येक नळामागे ओतली जाते. आठ नळांचे वीस पिंट गेले. म्हणून सगळे मिळून नळ चारच ठेवा.

ब्रॅडफर्डकर | २९ जून

नळ्यांचं बरोबर, पण तळघर यांनी अर्धंच सांगितलं. मार्चमध्ये घाईत बंद झालेल्या पबांत नळ्यांत बिअर तशीच राहिली. तीन महिने! एका धुण्याने यीस्टचा थर निघत नाही. क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घाला, अर्धा तास ठेवा, दर दहा मिनिटांनी थोडं थोडं खेचा. रंग बदलला तर आत घाण आहे, पुन्हा भरा. मग थंड पाण्याने धुवा आणि शेवटचं पाणी पीएच पट्टीने तपासा, ते साध्या नळाच्या पाण्याइतकंच यायला हवं. रात्रभर क्लीनर ठेवून चांगलं निघेल असं समजू नका, नळी आणि वॉशर खराब होतात आणि क्लीनरमधलं कॉस्टिक पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिंटात जातं.

तळघर | २९ जून

अर्धंच? कॉस्टिक रात्रभर ठेवा असं मी कुठे लिहिलं? तुम्ही जे शिकवताय ते कुठलाही सेलरमन (तळघर सांभाळणारा) झोपेत करतो. आणि तीन महिने बिअर राहिलेली नळी धुत बसू नये, ती बदलावी.

ब्रॅडफर्डकर | ३० जून

झोपेत करतात म्हणूनच चुका होतात. नळी बदलायचं मान्य, पण ते 'टाय'मध्ये कंपनीच्या माणसानेच करायचं असतं आणि त्यांची यादी लांब आहे. तोवर काय?

तळघरातली शिळी बिअर मोरीत ओतायची नाही, हेही सांगतो. पाणी कंपनीची परवानगी लागते, बिअरने सांडपाण्यातला प्राणवायू संपतो. बिअरवर भरलेला कर परत हवा असेल तर किती लिटर, कुठली, कधी ओतली याची नोंद आधी. केग (दाबाने भरलेलं धातूचं पिंप) उघडायला हातोडा नको, कपलर, म्हणजे केगच्या तोंडाचा जोड, लावून दाब सोडा. आणि दार उघडं ठेवा. बंद तळघरात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने माणूस मिनिटांत पडतो.

बिअरइतकंच पाणी. तीन महिने साचलेल्या पाण्यात २० ते ४५ अंशांत लीजनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढतो. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर, नळाला मिनिटाभरात ५० अंश मिळाले पाहिजेत. प्रत्येक नळ तुषार न उडवता सोडा. बर्फाच्या यंत्रातले पहिले घाणे फेका. जमिनीतल्या मोऱ्यांच्या सापळ्यांत (गटाराची हवा अडवणाऱ्या वाकड्या नळ्यांत) पाणी घाला, ते सुकलेले असतात. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सचे तीनशेवर रुग्ण झाले, त्यात सुकलेल्या सापळ्यांचा हात होता.

टेम्सकाठी | ३० जून

धागा हवेचा होता. चार प्रतिसाद बिअरच्या नळीत गेले.

तळघर | ३० जून

गेले, कारण पब तिथूनच चालतो. हवा खेळवा, माझा विरोध नाही. पण ज्याचं पिंप आंबतंय त्याला तुमचा टेप ऐकू येत नाही.

डेक्कनचा कोपरा | १ जुलै

पुण्याहून विचारतोय. इथे परमिट रूम मार्चपासून बंदच आहेत, आतला साठा सीलबंद विकण्यापुरती सूट मिळाली तेवढीच. ४ मेला वाइन शॉप उघडली तेव्हा रांगांमुळे मुंबईत दोन दिवसांत पुन्हा बंद करावी लागली. म्हणजे गर्दीचा प्रश्न दाराबाहेर आधी. इंग्लंडात खिडक्या उघडा म्हणता, पण आमच्या एसी सेक्शनला खिडकीच नाही, प्लायवूडचे कप्पे आहेत, आणि पावसाळा. काय करायचं?

टेम्सकाठी | १ जुलै

कप्पे काढा. छतापर्यंतचं पार्टिशन आणि काउंटरवरचं ॲक्रिलिक शिंतोडे अडवतं, पण त्यामागे हवा कोंडते. एक्झॉस्ट फॅनवरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, तेलाचा थर आणि अडकलेली झडप यांनी तो बराच घटतो, आधी पाती धुवा. फॅनच्या समोरच्या भिंतीत हवा आत यायला तेवढीच जागा ठेवा. ती नसली तर फॅन स्वयंपाकघरातून नाहीतर मुतारीतून हवा ओढतो. हे सगळं करूनही पुरणार नाही, तेव्हा एसी सेक्शन बंद ठेवून बाहेरचं अंगण उघडा.

बारमागची | २ जुलै

गिऱ्हाइकाचं सगळ्यांनी मोजलं. बारमागे काम करणाऱ्यांचं कुणी मोजलं का? गिऱ्हाईक दोन तास बसून जातो, बारमेड आठ तास त्याच हवेत असते. ऑस्ट्रियातल्या इश्गल या स्कीइंगच्या गावी बारमध्ये पहिल्यांदा बाधित सापडला तो बारमनच. बारमागची वाट बहुतेक ठिकाणी ९० सेंटिमीटर रुंद, दोघे एकमेकांना ओलांडताना अंतर शून्य. म्हणून बारचे दोन भाग करा, प्रत्येकाचा नळ, गल्ला, ग्लासवॉशर वेगळा. पाळीत माणसं कायम तीच. आणि नुसती फेस शील्ड चालणार नाही, खालून उघडी असते. मास्कच.

पिंटभर | ७ जुलै

उघडून तीन दिवस झाले. बर्नहॅम-ऑन-सी, बॅटली आणि गॉस्पोर्टचे पब गिऱ्हाईक पॉझिटिव्ह निघाल्याने बंद झाले. आता तुम्ही "सांगितलं होतं" म्हणाल. पण नावं लिहून घेतली होती म्हणून तर फोन करता आले. २१ दिवस नोंद ठेवायचा नियम कामी आला, टेप नव्हे आणि तुमची हवाही नव्हे.

टेम्सकाठी | ७ जुलै

नोंदीचं श्रेय तुम्हालाच. पण ती आग लागल्यावरची घंटा आहे. २३९ शास्त्रज्ञांनी या आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर पत्र लिहून सांगितलं की हा विषाणू हवेतूनही पसरतो. खर्च नको म्हणता तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या. श्वासातून सुटलेला हा वायू साचला की ताजी हवा कमी पडतेय हे कळतं. बाहेर साधारण ४१० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४१०) असतं. माणशी १० लिटरची हवा मिळत असेल तर आत साधारण ९०० दिसेल. दीड हजार दिसले की माणसं कमी करा.

तळघर | ८ जुलै

तो मीटर बारजवळ ठेवू नका. बिअरमधूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, शेकोटी आणि मेणबत्त्याही आकडा वाढवतात. नळांपासून लांब, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, कुणाच्या तोंडापासून निदान दीड मीटरवर.

पिंटभर | ८ जुलै

ठीक आहे, मीटर मान्य. खिडक्यांचं मात्र बोलणं सोपं आहे. जुन्या सॅश खिडक्या (वर-खाली सरकणाऱ्या, दोरीवर तोललेल्या पल्ल्यांच्या) रंगाने चिकटून बसलेल्या असतात, वरचा पल्ला तर पन्नास वर्षांत हललेला नसतो.

ब्रॅडफर्डकर | ८ जुलै

पातळ पट्टीच्या सुरीने दोन्ही बाजूंनी रंगाची शिवण कापा. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासायचं नाही, ओलं करून कापा. तुटलेली दोरी आधी बदला, नाहीतर पल्ला बोटांवर येईल. मग वरून दहा सेंटिमीटर, खालून दहा. दोन्हीकडून उघडाल तरच गरम हवा वरून जाते आणि गार खालून येते.