टीव्ही कॅलिब्रेशनसाठी माणूस बोलवावा का?

प्रश्न: नव्या ओएलईडी टीव्हीवर चेहरे निळसर दिसतात. कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राने मोजून रंग जुळवणं, करून घ्यावं का?

उत्तर १: आधी ‘व्हिविड’ सोडून ‘फिल्ममेकर’ मोड लावा, कलर टेंपरेचर ‘वॉर्म’ ठेवा. निळसरपणा बहुतेक तिथेच जातो. पांढऱ्याचं लक्ष्य डी६५ (पांढऱ्याची प्रमाण छटा), साधारण ६५०० केल्विन.

उत्तर २: माणूस बोलावलात तर टीव्ही अर्धा तास आधी चालू ठेवा, थंड पॅनेलचं माप सरकतं. अंधाऱ्या खोलीसाठी पांढऱ्याची चमक १०० निट्स (चमकेचं एकक), गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा वाढतो ते) २.४. कलरीमीटरला (रंग मोजायच्या यंत्राला) ओएलईडीचं करेक्शन, म्हणजे त्या पॅनेलसाठीची दुरुस्ती, दिलंय ना, हे जरूर विचारा. नसेल तर पांढराच चुकतो आणि पुढचं सगळं वाया. आधीचा-नंतरचा रिपोर्ट मागा, डेल्टा-ई (अपेक्षित आणि दिसणाऱ्या रंगातला फरक) ३च्या खाली हवा.

उत्तर ३: एचडीआर (जास्त चमक आणि रंगांचा व्हिडिओ) वेगळं मोजायला सांगा. एसडीआरचे (नेहमीच्या व्हिडिओचे) आकडे तिथे चालत नाहीत.