मदत हवी आहे: शहराच्या ब्लॉक ग्रँटमधून ज्येष्ठांच्या गाडीसाठी पैसे मिळतात का?

चिंचगूळ
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या एका मध्यम शहरात आम्ही सातआठ जण ज्येष्ठांचा कट्टा चालवतो. मंगळवार-शुक्रवार, शहराच्याच सीनियर सेंटरमधली एक खोली. वहीत ३४ नावं आहेत. बहुतेक मुलांकडे राहायला आलेले आईवडील, शिवाय दोन चिनी आज्या, ज्या आता रमीत सगळ्यांना धूळ चारतात. अडचण एकच, गाडी कुणालाच चालवता येत नाही आणि मुलं कामावर. जानेवारीत बर्फ पडला की हजेरी ९ वर येते.

म्हणून गेल्या वर्षी शहराला केंद्र सरकारकडून येणाऱ्या कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँटमधून जुनी व्हॅन आणि ड्रायव्हरसाठी ४०,००० डॉलर मागितले. संस्था रीतसर नोंदवलेली आहे. उत्तर आलं एका ओळीचं: निधी मर्यादित असल्याने शक्य नाही. त्याच महिन्यात पलीकडच्या रस्त्याचे फुटपाथ ह्याच पैशातून उखडून नवे केले. फुटपाथला पैसे आहेत, म्हाताऱ्यांना नाहीत? हे ठरवतं कोण? आणि उत्पन्नाचे दाखले लागतात का? आमचे एक काका बँकेचं स्टेटमेंट स्वतःच्या मुलाला दाखवत नाहीत, शहराला कुठून दाखवणार!

पाटावरवंटा
कौन्सिलमनला गाठा ताई. बाकी सगळं कागदी घोडे.

जुना_फाइलवाला
कौन्सिलमनला भेटाच, पण आधी अर्ज कुठल्या खणात पडला ते बघा. दुसऱ्या राज्यात एका शहराच्या हाउसिंग खात्यात मी नऊ वर्षं ह्याच फायली हलवल्या आहेत.

हा १९७४ चा कायदा. त्याआधी वॉशिंग्टन प्रत्येक कामाला वेगळं अनुदान द्यायचं, मग सगळं एका गठ्ठ्यात बांधून शहरांना सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा. शहराच्या वाट्याला किती येणार ते सूत्रावर ठरतं: लोकसंख्या, गरिबी, घरांतली दाटी, किंवा १९४० पूर्वीची घरं आणि खुंटलेली लोकसंख्यावाढ. तिथे कुणाच्या ओळखीचा उपयोग नाही. आतली वाटणी मात्र शहराची, तीही ठरावीक चौकटीत. किमान ७० टक्के पैसा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या कामी आला पाहिजे. नियोजन आणि कारभारावर २० टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही. आणि तुमची मेख इथे आहे: ‘सार्वजनिक सेवा’, म्हणजे जेवणाचे डबे, पाळणाघर, ने-आण, ह्या सगळ्यांना मिळून साधारण १५ टक्केच.

समजा शहराला सहा लाख मिळतात. १५ टक्के म्हणजे ९०,०००. त्यावर फूड पँट्री, निवारागृह, शाळेनंतरचे वर्ग असे डझनभर अर्जदार. तुम्ही एकट्यांनी जवळजवळ निम्मं ताट मागितलंत. फुटपाथ ह्या १५ टक्क्यांत येतच नाही. वस्तीतले ५१ टक्के रहिवासी कमी-मध्यम उत्पन्नगटातले असले की तो सहसा ७० टक्क्यांच्या अटीत बसतो. तुमच्या तोंडचा घास त्याने काढलेला नाही.

दाखल्यांचं सोपं आहे. फक्त ज्येष्ठांसाठीचा उपक्रम असेल तर ते बहुतांशी कमी उत्पन्नाचे आहेत असं नियम गृहीतच धरतो. वयाची रेघ शहर ओढतं, बऱ्याच ठिकाणी ६२. काकांचं स्टेटमेंट राहू दे कपाटात. पण कट्ट्यावर तरुण मंडळी लाभार्थी म्हणून दाखवलीत की ही सवलत गेली.

चिंचगूळ
अरे देवा. आम्ही अर्जात ‘सर्व वयोगटांसाठी खुले’ असं हौसेने लिहिलं होतं.

जुना_फाइलवाला
😄 तिथेच मार्क गेले.

थंडीतली_रानजाई
आमच्या मंडळाचा अनुभव सांगते. मंजूर झालं तरी चेक लगेच हातात येत नाही. आधी खर्च करा, बिलं लावा, मग परत. आम्ही चार महिने खजिनदाराच्या क्रेडिट कार्डावर काढले, त्यांच्या बायकोने आमच्याशी बोलणं सोडलं होतं. व्हॅन नकोच, तिचा विमाच परवडणार नाही. टॅक्सीच्या फेऱ्यांसाठी सात-आठ हजार मागा.

जुना_फाइलवाला
रानजाईंशी सहमत. आणखी एक. सेंटरच्या दाराशी पायऱ्या आहेत का? रॅम्प, आपोआप उघडणारं दार ही बांधकामं, १५ टक्क्यांच्या बाहेरची, आणि इमारत शहराचीच. ते काम शहराने करावं अशी मागणी सुनावणीत करा. वर्षाला किमान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्याच लागतात. शिवाय हा निधी कुठे खर्च करणार त्याच्या वार्षिक आराखड्याचा मसुदा ३० दिवस लोकांपुढे ठेवावा लागतो. लेखी हरकत द्या. ती मान्य केली नाही तर का नाही, हे आराखड्यात छापावं लागतं. एका ओळीच्या पत्रापेक्षा बरं.

पाटावरवंटा
आमच्याकडे सुनावणीला तीन माणसं होती. त्यातला एक कुलूप लावायला थांबलेला.

चिंचगूळ
मग ३४ जण गेलो तर खुर्च्या कमी पडतील :) दाराशी चार पायऱ्या आहेत, कठडा एकाच बाजूला. काल फोटो काढले. सुनावणी पुढच्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला आहे, म्हणजे परत ने-आणीचाच प्रश्न. गाड्या जमवते आहे, सहा झाल्या. काका बोलायला तयार आहेत, पण मराठीतच बोलणार म्हणतात. दुभाषा आधी मागावा लागतो का?

जुना_फाइलवाला
हो, आजच ईमेल टाका. आणि वहीची झेरॉक्स घेऊन जा, जानेवारीच्या पानासकट.