आप्पांचा कॅमेरा: ग्रुपवर झालेली सगळी चर्चा एका जागी

आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर कॅमेऱ्यावरून दोन दिवस बरंच बोलणं झालं. नंतर दोघातिघांनी "ते सगळं एकत्र पाठवा ना" म्हटलं. म्हणून गुड मॉर्निंगची फुलं, टँकरची भांडणं आणि "गेटसमोरची पांढरी अ‍ॅक्टिव्हा कोणाची" हे सगळं गाळून इथे लावून ठेवतेय. कंसातलं माझं. चर्चेत मी म्हणजे ए-१०४.

बी-६०२ आप्पा: नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर फोटोग्राफीचा जुना छंद पुन्हा सुरू करावा म्हणतो. डिजिटल एसएलआर (डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचा आहे. बजेट पंचेचाळीस हजार, फार ताणलं तर पन्नास. कामं दोनच: खाडीवरचे फ्लेमिंगो आणि नातीचं शाळेचं गॅदरिंग. माझ्याकडे निकॉनचा एफएम१० हा जुना फिल्म कॅमेरा आहे. त्याची ३५-७० मिलिमीटरची झूम लेन्स अजून स्वच्छ आहे. ती नव्या निकॉनला बसेल का? बसली तर लेन्सचे पैसे वाचतील.

बी-२०३: आप्पा, आता कोण डीएसएलआर घेतं? चांगला फोन घ्या, खिशात राहतो.

बी-६०२ आप्पा: फोन आहे की. त्यात फ्लेमिंगो म्हणजे चिखलावर सांडलेलं गुलाबी काहीतरी दिसतं.

डी-७०१ काका: माझा भाचा दुबईला असतो, पुढच्या महिन्यात येतोय. तिथून मागवा, स्वस्त पडेल.

बी-६०२ माई: बजेट पंचेचाळीस हजार आहे. ताणून वगैरे काही नाही.

(इथे सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले.)

सी-३०१ दादा: आप्पा, लेन्सचं आधी सांगतो. बसेल. निकॉनचा एफ माउंट १९५९पासूनचा आहे, तोंड तेच. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. एफएम१०ची ३५-७० पूर्ण मॅन्युअल, तिच्यात चिप नाही. डी३५००, डी५६०० असल्या सुरुवातीच्या बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) ती लावलीत तर कॅमेऱ्याचा लाइट मीटरच (उजेड मोजणारी यंत्रणा) चालत नाही. एम (सगळं हाताने लावायच्या) मोडवर ठेवायचं, अंदाजाने शटरचा वेग लावायचा, फोटो काढून स्क्रीनवर बघायचं, परत बदलायचं. फोकस हाताने. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) एफएम१०सारखं मधोमध दुभंगलेलं गोल नसतं, त्यामुळे हाताने फोकस लावणं तुम्हाला आठवतं तितकं सोपंही जात नाही.

बी-६०२ आप्पा: मग मीटर चालेल असा एखादा असेलच ना?

सी-३०१ दादा: आहे. डी७२००. त्यात लेन्सची फोकल लेंग्थ आणि अ‍ॅपर्चर मेनूत भरून ठेवलं की मीटर चालतो. (फोकल लेंग्थ म्हणजे ३५, ७० हे लेन्सचे आकडे; अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्समधलं भोक.) पण तो आता सेकंडहँडच मिळणार. आणि डी७५०० त्याच्यानंतरचा म्हणून जास्त चांगला असेल असं धरू नका. जुन्या मॅन्युअल लेन्सचं अ‍ॅपर्चर ओळखणारा जो छोटा खटका बॉडीच्या तोंडाशी असतो, तो निकॉनने डी७५००मधून काढून टाकला.

बी-६०२ आप्पा: वा! मग डी७२०० बघतो.

ए-१०४: आप्पा, त्याचं वजन बघा आधी. बॅटरी आणि कार्ड धरून ७६५ ग्रॅम, लेन्स वेगळी. तुमचा एफएम१० जेमतेम ४२० ग्रॅमचा असेल.

बी-६०२ माई: यांचा उजवा खांदा गेल्या वर्षी धरला होता. अजून फॅनचं बटण दाबायला डावा हात वापरतात.

बी-६०२ आप्पा: खांद्याचा विषय ग्रुपवर नको.

सी-३०१ दादा: नको कसा? खांद्याचाच विषय आहे. जड कॅमेरा कपाटात राहतो. आणि खरं सांगू का, त्या ३५-७०साठी बॉडी निवडणंच मला पटत नाही. या कॅमेऱ्यांचा सेन्सर (फिल्मच्या जागी असतो तो) फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, निकॉनमध्ये साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. त्यामुळे त्यावर तुमची ३५-७० ही फिल्मवरच्या ५२-१०५सारखी दिसेल. हॉलमध्ये सगळा ग्रुप मावणार नाही आणि खाडीवर फ्लेमिंगो जवळ येणार नाहीत. म्हणजे तुमच्या दोन्ही कामांना ती लेन्स निरुपयोगी. ती एफएम१०वरच शोभते. रोल अजून मिळतात, महाग झालेत एवढंच.

(इथे आप्पा बराच वेळ गप्प. मग टँकर आला का नाही यावर सी विंग आणि ए विंगचं जे झालं ते सगळ्यांनी वाचलेलंच आहे.)

बी-६०२ आप्पा: ठीक. लेन्सचा मोह सोडला. आता निकॉन की कॅनन?

बी-२०३: दोन्ही सोडा. मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या प्रकारचा कॅमेरा) घ्या. कॅननचा आर५० पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून धरतो. डीएसएलआरचे नवीन मॉडेल येणं बंदच झालंय.

सी-३०१ दादा: त्याचं म्हणणं चूक नाही. निकॉनचा डी३५०० २०१८चा, त्याच्यानंतर त्या रांगेत काही आलं नाही आणि बनवणंही थांबवलं. कॅननचा १५००डी २०१८चाच, २००डी मार्क टू २०१९चा. पण आर५० लेन्ससकट आप्पांच्या बजेटच्या बाहेर जातो.

बी-२०३: मग आर१००?

सी-३०१ दादा: त्याच्या स्क्रीनला टचसुद्धा नाही, आणि पक्षी ओळखणारा फोकस त्यात नाही. ज्यासाठी मिररलेस घ्यायचा तेच काढून घेतलेलं. निकॉन झेड३० म्हणशील तर त्याला व्ह्यूफाइंडरच नाही. भर दुपारी खाडीवर आप्पा स्क्रीनवर काय बघणार? स्वतःचा चेहरा.

बी-२०३: 😄 मान्य.

सी-३०१ दादा: कॅननमध्ये एक सोय आहे. आज डीएसएलआरसाठी घेतलेल्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स उद्या मिररलेस घेतला तरी कॅननच्याच अ‍ॅडॅप्टरवर ऑटोफोकससकट चालतात. म्हणून मी सांगतो, बॉडी साधी घ्या आणि पैसे लेन्समध्ये घाला. दुकानदार उलटं सांगेल.

ए-१०४: मी १५००डी वापरते, मुलीच्या गॅदरिंगसाठीच घेतला होता. दिवसाउजेडी फोटो मस्त. हॉलमध्ये मात्र सोबतच्या १८-५५ लेन्सने सगळ्या मुलींचे हात पुसल्यासारखे आले. मग दादांनी ५० एमएम १.८ घ्यायला लावली, तेव्हापासून फरक पडला.

सी-३०१ दादा: आप्पा, हे तुम्हाला फिल्मच्या भाषेत सांगतो. १८-५५ झूम करून ५५वर नेली की तिचं मोठ्यात मोठं अ‍ॅपर्चर ५.६. पन्नासची लेन्स १.८पर्यंत उघडते. आकडा लहान तेवढं भोक मोठं. म्हणजे जवळजवळ दहापट उजेड. जिथे १८-५५वर शटर १/२० सेकंदापर्यंत खाली येतं, तिथे पन्नासवर १/२०० सेकंद मिळतं. नाचणाऱ्या मुलीचा हात त्यात थांबतो. बाकी कसर आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) १६०० किंवा ३२००वर भरून काढायची. तुम्ही ४०० आयएसओचा रोल घालून हॉलमध्ये गेला असाल तर हे वेगळं सांगायला नको.

बी-६०२ आप्पा: रोल ४००चा आणि फ्लॅश. फ्लॅश मारला की पडदा उजळायचा आणि मुलं काळी.

सी-३०१ दादा: फ्लॅशवरून आठवलं. २००डी मार्क टूच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत मधली पिन कॅननने ठेवलेलीच नाही. तुमच्याकडचा जुना साधा फ्लॅश त्यावर पेटणार नाही. १५००डी घेतलात तरी फ्लॅश खिशात घेऊन जा आणि दुकानातच लावून बघा.

ए-५०३ वहिनी: १५००डी आणि ३०००डी यात फरक काय? दुकानात ३०००डी कमी किमतीत दाखवतात. आमच्या भाच्यालाही हवाय.

सी-३०१ दादा: वहिनी, ३०००डी नको. १८ मेगापिक्सेलचा आहे म्हणून नाही. ए-थ्री प्रिंटला साधारण साडेसतरा मेगापिक्सेल पुरतात आणि घरात ए-थ्री कोण लावतं? माझी अडचण वेगळी. त्याचं लेन्स लावायचं तोंड प्लास्टिकचं आहे, १५००डीचं धातूचं. छंदवाला माणूस लेन्स सारखी काढतो-घालतो. दुसरं म्हणजे स्वस्त किटमधल्या १८-५५ लेन्सवर आयएस लिहिलंय का ते बघा. नसेल तर हात हलल्याचं सांभाळून घेणारी यंत्रणा तिच्यात नाही. निकॉनमध्ये हेच व्हीआर.

बी-६०२ आप्पा: मग फ्लेमिंगोंसाठी?

सी-३०१ दादा: कॅननची ५५-२५० एसटीएम (लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स). पावणेचारशे ग्रॅम, खांदा तक्रार करणार नाही. २५० म्हणजे तुमच्या फिल्मच्या हिशेबाने ४००. ही नवीनच घ्यायला हवी असं नाही, सेकंडहँड चांगल्या मिळतात. १५००डीचे नऊच फोकस पॉइंट, त्यातला मधला सगळ्यात भरवशाचा. तो एकच चालू ठेवा. फ्लेमिंगो चिखलात चरत असतात, त्यांच्यासाठी हा पुरतो. उडताना पकडायचे तर शटर १/१०००च्या वर. खंड्या पाण्यात सूर मारतानाचा मात्र मागू नका, त्याला हा कॅमेरा कमी पडेल.

डी-७०१ काका: मग भाच्याला काय सांगू? तो विचारतोय मॉडेल कुठलं.

सी-३०१ दादा: काका, बॉडीची वॉरंटी साधारण ज्या देशात घेतली तिथलीच धरायची. इथे बिघडला तर इथलं सर्व्हिस सेंटर पैसे मागणार. आणि मुंबईत फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांतसुद्धा हेच सांभाळायचं. बोरा बाजारात "बिल नको, एवढे कमी करतो" म्हणाले की समजायचं. जीएसटीचं बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

डी-७०१ काका: बरं. त्याला खजूरच आणायला सांगतो.

ए-५०३ वहिनी: सेकंडहँड घेताना काय बघायचं?

सी-३०१ दादा: निकॉन असेल तर सोपं. कॅमेऱ्यातून काढलेल्या फोटोच्या फाइलमध्येच शटर किती वेळा पडलंय तो आकडा असतो, कॉम्प्युटरवर दिसतो. डी७२००चं शटर दीड लाखाच्या हिशेबाने बनवलेलं, त्यावरून अंदाज घ्या. १५००डीत हा आकडा फोटोत येत नाही, तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर जावं लागतं. म्हणून १५००डीची बॉडी मी नवीनच घ्यायला सांगतो. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च पलीकडून मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी परत द्या. अ‍ॅपर्चर १६ करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसेल. धूळ साफ होते, तेवढ्यावरून नाही म्हणू नका.

आणि वहिनी, एक सापळा. स्वस्तात निकॉन डी७००० दिसला म्हणून घेतलात आणि नंतर निकॉनची एएफ-पी (या नव्या जातीची) लेन्स आणलीत, तर ती त्यावर फोकसच करणार नाही. हाताने फिरवूनसुद्धा नाही. ३५००, ५६०० किंवा ७५००वर तीच लेन्स छान चालते.

ए-१०४: बुरशीवरून, आप्पा. ठाण्याचा पावसाळा लेन्सला मारतो. कॅमेऱ्यासोबत मिळते त्या बॅगेत घालून कपाटात ठेवू नका. किराणा ठेवतो तसा घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये काटा राहिला की झालं. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं. तांदळात ठेवा असं कोणी सांगेल, ऐकू नका, पिठूळ आत जातं.

बी-६०२ माई: डबा माझ्या स्वयंपाकघरातला नाही. आणि तवाही वेगळा.

सेक्रेटरी: कृपया लक्षात घ्या, हा ग्रुप सोसायटीच्या कामकाजासाठी आहे. कॅमेऱ्याची चर्चा वैयक्तिक करावी. तसेच आप्पांनी कॅमेरा घेतल्यास यंदा गणपतीच्या कार्यक्रमांचे फोटो काढण्याबद्दल कमिटी विचार करेल.

बी-२०३: म्हणजे फुकट 😄

सेक्रेटरी: हौस म्हणून.

(पुढचं दुसऱ्या दिवशीचं.)

बी-६०२ आप्पा: दादा, रात्री माईबरोबर हिशेब मांडला. नवीन १५००डी १८-५५सकट, बिलावर. ५५-२५० सेकंडहँड, टॉर्च मारून. पन्नासची लेन्स गॅदरिंगच्या आधी, डिसेंबरमध्ये. तोपर्यंत जी किंमत असेल ती असेल.

सी-३०१ दादा: झकास. कार्ड बत्तीस जीबीची दोन घ्या, चौसष्टचं एक नको. एक बिघडलं तरी दुसऱ्यातले फोटो वाचतात. आणि एक जास्तीची बॅटरी, कॅननचीच.

बी-६०२ आप्पा: फोर्टला शनिवारी सोबत येता का? दुपारी तीननंतर. सकाळी माझी फिजिओथेरपी आहे.

बी-६०२ माई: बघा. स्वतःच सांगितलं.

सी-३०१ दादा: येतो. तीन सव्वीसची फास्ट पकडू. आणि फ्लेमिंगो बघायला ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीचं आत्ताच ठरवून ठेवा. ती फेरी भरतीच्या वेळा बघून सोडतात, रोज वेगळी वेळ असते. वेळ न बघता जाऊन उभे राहाल तर बोट आधीच निघून गेलेली असू शकते.

डी-७०१ काका: बोटीत जागा असेल तर मीही येतो. माझ्याकडे दुर्बीण आहे.

बी-२०३: काका, कुठून आणली?

डी-७०१ काका: दुबईहून.