मदत हवी आहे : वाचनालयात 'पलतडचो मुनिस' दाखवायचा आहे

फोंड्याजवळच्या आमच्या वाचनालयात गोव्याचे फारसे न पाहिले गेलेले चित्रपट दाखवायचे ठरलंय. सुरुवात लक्ष्मीकांत शेटगांवकरांच्या 'पलतडचो मुनिस'ने (२००९). महाबळेश्वर सैलांच्या कादंबरीवर बेतलेला, टोरंटोत समीक्षकांचा पुरस्कार मिळालेला. तरी इथे निम्म्यांनी नावही ऐकलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

नेटवर मिळालेली प्रत पडद्यावर लावून पाहिली. रानातल्या अंधारात चेहरेच दिसत नाहीत. पणजी-मडगावच्या दुकानांत डीव्हीडी नाही. प्रोजेक्टर, स्पीकर आहेत. तिकीट नाही, चाळीसेक प्रेक्षक, बहुतेक वयस्क. कोंकणी सगळ्यांना येते, त्यामुळे सबटायटल्स नसली तरी चालेल. परवानगीशिवाय मात्र दाखवायचा नाही.

निर्मिती एनएफडीसीची (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची) आहे. मग मोफत खेळासाठी परवानगी आणि स्वच्छ प्रत तिथे नेमकी कोणत्या विभागाकडे मागायची, आणि शुल्क पडतं का?