कानठळ्या, दडे की बधिर?

प्रश्न : बस-ट्रकचालकांसाठी आरोग्याचं पत्रक लिहितेय. रात्रभर इंजिनाच्या धडधडीत काढल्यावर सकाळी समोरच्याचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं, कानात कुईं आवाज राहतो आणि नंतर ओसरतो. याला 'कानठळ्या बसणे' म्हणावं का?

उत्तर : नको. कानठळ्या आवाज होत असतानाच बसतात, सुतळी बॉम्ब फुटला की. मागे काय उरलं ते त्यात येत नाही. माझे वडील एसटीत चालक होते. जुन्या गाड्यांत इंजिन त्यांच्या शेजारीच, झाकणाखाली. घरी आले की 'कानात दडे बसलेत' म्हणायचे. तेच घ्या.

दुसरं उत्तर : दड्यांना माझी हरकत आहे. दडा म्हणजे बूच, बोळा. घाटात किंवा विमान उतरताना हवेचा दाब बदलून कान बंद होतात, तिथे तो चपखल. आवंढा गिळला, जांभई दिली की सुटतो. आवाजाने दमलेल्या कानात मात्र अडकलेलं काहीच नसतं. कानाच्या आतल्या शंखातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, थकलेल्या असतात. त्यांना शांतताच लागते, बहुधा एक-दोन दिवस. 'दडे' वाचून कुणी कानात तेल ओतेल, ही माझी खरी भीती.

'कान बधिर होणे' लिहा. 'बहिरा' हा 'बधिर'मधूनच आला, पण मराठीत दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. दात काढताना हिरडी बधिर करतात, ती पुन्हा ताळ्यावर येते. बहिरेपण कायमचं, असंच आपण धरतो.

प्रश्नकर्ती : पण त्यात 'येईलच परत' असा दिलासा जास्त होत नाही का?

दुसरं उत्तर : होतो. म्हणून लगेच लिहा, की वारंवार बधिर झालेले कान पुढे पुरते परत येत नाहीत. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे उंच पट्टीतलं ऐकणं कमी होतं. बोलणं ऐकू येतं, पण स, श, त नीट उमगत नाहीत. त्यामुळे नुकसान उशिरा कळतं. ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो, हेही घाला.

पहिलं उत्तर : 'बधिर' पटलं. त्या कुईंसाठी डॉक्टरी शब्द 'कर्णनाद', पण पत्रकात तो जड होईल. 'कान वाजणे'ही टाळा. कुणी हाक मारल्याचा भास झाला तरी आपण 'कान वाजले' म्हणतो. सरळ 'कानात कुईं आवाज येत राहतो' असंच ठेवा.